आनंदामागचे हात

(वाचनालयाच्या वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



लहानपण आणि छोटे छोटे आनंद या विषयावर बोलायचं म्हटलं की वक्त्याची वाट आधीच आखलेली असते. त्याने कैरीची फोड, पहिला पाऊस, आजीची गोधडी यांची आठवण काढायची. ऐकणाऱ्यांनी आपापल्या कैऱ्या आठवायच्या. आणि शेवटी आजच्या पोरांना यातलं काहीच ठाऊक नाही म्हणून सगळ्यांनी मिळून हळहळायचं. त्या वाटेने मला जायचं नाही.

मला आज त्या आनंदांचा हिशेब मांडायचा आहे. ते आपसूक येत नव्हते. कुणीतरी ते करत होतं, त्यासाठी राबत होतं, आणि बहुतेक वेळा आपल्या वाट्याचं बाजूला ठेवून करत होतं. मला मोठं होण्याचा एवढाच अर्थ उमगला आहे: लहानपणी जे आयतं मिळालं ते कुणाच्या हातून मिळालं, हे एकेक करून दिसू लागतं. आणि ते दिसल्यावर आनंद उणावत नाही, उलट जास्त आपला होतो, असा माझा अनुभव आहे. तोच तुमच्यापुढे ठेवते.

मी पाचोरा तालुक्यातल्या एका खेड्यात वाढले. वडिलांची कोरडवाहू शेती. कपाशी, ज्वारी, थोडी तूर. घर मातीचं, धाब्याचं. पुढे मी शिक्षिका झाले आणि नोकरीची सगळी वर्षं याच जिल्ह्यातल्या शाळांमध्ये काढली. त्यामुळे मी जे बोलेन ते खान्देशातलं असेल. दुसरीकडचं लहानपण मला पुस्तकांतून माहीत आहे, अंगावरून गेलेलं हे एवढंच.

सुरुवात आखाजीपासून करते, कारण आमच्याकडे वर्षाची मोजणीच तिथून व्हायची. अक्षय्य तृतीयेला इतर महाराष्ट्रात सोनं घेतात, नव्या कामाचा मुहूर्त करतात. खान्देशात ती आखाजी. ती सासुरवाशिणींची. लेक आखाजीला माहेरी आली नाही तर गल्लीत चार जणी विचारायच्या. आधी आठवडाभर मुऱ्हाळी निघायचे, कुणाचा भाऊ बैलगाडी घेऊन, कुणाचा एसटीने. गावातल्या कडुनिंबांना आणि चिंचांना दोर बांधले जायचे. गौराई बसायची. संध्याकाळी सगळ्या बायका झोक्यांवर. ज्यांना आम्ही एरवी डोईवरच्या पदराखाली मान घालून चालताना बघायचो, त्या बायका फांदीला पाय लागेल इतका उंच झोका घ्यायच्या आणि वरून मोठ्याने गाणी म्हणायच्या. सासरचं सगळं गाऱ्हाणं गाण्यात. सासू, नणंद, दीर, कुणाला सुटका नाही. आम्ही पोरी खाली उभ्या राहून आपली पाळी कधी येते याची वाट बघायचो.

सणाच्या दिवशी नवी मातीची घागर पितरांसाठी पुजायची, तिच्यावर डांगर आणि सांजोरी ठेवायची. मग पुरणपोळी आणि आमरस. आमच्याकडची पुरणपोळी पोळपाटावर लाटत नाहीत. कणीक तिंबून तिंबून सैल करतात, पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर झुलवत झुलवत कोपरापर्यंत वाढवतात आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या तापल्या खापरावर टाकतात. परातीएवढी पोळी, आणि इतकी पातळ की आतलं पुरण बाहेरून दिसावं. लहानपणी मला त्यातलं एवढंच माहीत होतं की पहिली पोळी देवाची, दुसरी मोडलेली निघाली तर ती माझी. मी ती मोडावी म्हणून देवाला सांगायचे.

आता याच आखाजीची दुसरी बाजू. वैशाखात आमच्या जिल्ह्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो. त्या उन्हात, बंद स्वयंपाकघरात, जळत्या चुलीपुढे आई पहाटेपासून बसलेली असायची. पोळी झुलवताना तिच्या दोन्ही हातांना आच लागायची. पंगती उठत जायच्या आणि ती सगळ्यांत शेवटी जेवायची. हे तर महाराष्ट्रातल्या कुठल्याही घरातलं दृश्य, त्यात नवल नाही. पण आखाजीची खरी गाठ मला फार उशिरा, माझं लग्न झाल्यावर उलगडली. आखाजी लेकींची. म्हणजे त्या दिवशी माझ्या आत्या माहेरी आलेल्या. त्यांचं कौतुक करायला घरात सून हवी. म्हणजे माझी आई आपल्या माहेरी जाऊ शकत नाही. तीही कुणाची तरी लेक, तिच्याही गावात तिच्या मैत्रिणी झोक्यावर गात असणार. आत्यांचं माहेरपण आईच्या थांबण्यावर उभं होतं. आणि तिकडे मामाकडे मामी थांबलेली असणार, कारण आई यायची होती. अशी ही साखळी घरोघर गेलेली.

आत्या फार मायेच्या होत्या, हे सांगायला हवं. त्यांनी आईला कधी दुखावलं नाही. दोष कुणा एकीचा नव्हताच, रीतच तशी होती. पण रीत आहे म्हणून तिचा भार कमी होत नाही.

आत्या गेल्या की मग आईचा दिवस. आम्ही पाचोऱ्याला येऊन पीजेत बसायचो. पाचोरा ते जामनेर ही अरुंद रुळांची गाडी, छप्पन्न किलोमीटरचा रस्ता, दोन रुळांत अडीच फुटांचं अंतर. आमच्या भागात तिचं पूर्ण नाव कुणी घेत नसे, पीजे म्हटलं की पुरे. शेंदुर्णी, पहूर करत ती सावकाश जायची. डबे लहान, बाकं लाकडी, आणि डब्यात माणसांबरोबर टोपल्या, कोंबड्या, एखादी शेळी. २०२० साली करोनात गाड्या थांबल्या तेव्हा तीही थांबली, आणि आमची ती जुनी पीजे संपली. तिच्या जागी रुंद रुळांची गाडी येणार याचा मला आनंदच आहे. लोकांना वेळेवर दवाखान्यात, कॉलेजात पोचायचं असतं. पण माझ्यासाठी पीजेचं मोल तिच्या संथपणात नव्हतं. गाडी पाचोऱ्याहून सुटली की आईचा आवाज बदलायचा. ती समोरच्या अनोळखी बाईशी बोलायची. हसायची. खिडकीतून दिसणारी शेतं दाखवून हे कुणाचं, ते कुणाचं, असं सांगत सुटायची. आणि मामाच्या अंगणात पाय ठेवला की आजी तिला तिच्या लहानपणीच्या नावाने हाक मारायची. आमच्या घरात त्या नावाने तिला कुणीच हाक मारत नसे. तिथे ती कुणाची सून होती, कुणाची वहिनी, आमची आई.

त्या हाकेने तिच्या चेहऱ्यावर जे यायचं ते मी मनात जपून ठेवलं आहे. माझ्या लहानपणातला सगळ्यांत मोठा आनंद कुठला असं मला विचाराल तर तो माझा नाहीच. तो तिचा आहे, मी फक्त शेजारी उभी होते. दुसऱ्याच्या आनंदाने आपल्याला आनंद होतो हे मूल असं शिकतं. पाठ्यपुस्तकात तो धडा घालून भागत नाही. मुलाला त्याची आई आनंदात दिसावी लागते.

मग १९७२ साल आलं. आधीची दोन वर्षंही पावसाने ओढच दिली होती. त्या साली ज्वारीची कणसं भरलीच नाहीत. बहात्तरच्या दुष्काळाबद्दल जुनी माणसं सांगतात की तेव्हा विहिरींना थोडं तरी पाणी होतं, घरात दाणा नव्हता. रेशनवर परदेशातून आलेली तांबडी मिलो मिळायची. तिची भाकरी थापताना फुटायची, खाताना घशात अडायची. आई कामावर जायला लागली. रस्त्यासाठी खडी फोडायचं काम. शेताच्या बांधापलीकडे कधी मजुरीला न गेलेल्या कितीतरी बायका त्या वर्षी हातोडा घेऊन दगडांच्या ढिगापुढे बसल्या. वि. स. पागे यांनी ज्या कल्पनेचा पाठपुरावा केला ती रोजगार हमी योजना त्याच दुष्काळात राज्यभर पोचली, पुढे १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. या गोष्टी मी नंतर वाचल्या. तेव्हा आम्हाला फक्त ‘खडीवर जाणं’ माहीत होतं.

त्या वर्षाचीही मला आनंदाची आठवण आहे, आणि ती सांगताना मी अजिबात संकोचत नाही. कामावर सुकडी मिळायची. गोडसर, कोरडी, भरड पिठासारखी. आई आपल्या वाट्यातली पदराच्या टोकाला बांधून आणायची आणि आम्ही भावंडं दारात बसून तिची वाट बघायचो. पगार झाला की बाजारातून कागदाच्या पुडीत गोडीशेव यायची. एकेक कांडी मोजून वाटायची. मी माझी कांडी गालात धरून वरचा गूळ विरघळू द्यायचे. आतली शेव शेवटी. आज दुकानातून किलोभर गोडीशेव आणता येते. आणतेही. चव तीच आहे, उगाच बदलली म्हणणार नाही. पण तेव्हाच्या त्या कांडीत आईच्या हाताला आलेले फोड होते, हे मोठेपणी कळलं आणि त्या आठवणीतला गूळ काही कडू झाला नाही. दोन्ही गोष्टी शेजारी राहतात. लोक म्हणतात, गरिबीत खरा आनंद असतो. हे वाक्य मला सहन होत नाही. गरिबीत आनंद नसतो, गरिबीत आई असते, शेजारीण असते, वाटून खाण्याची सक्ती असते. आनंद ती माणसं आणतात. गरिबीचं कौतुक करण्याचं काही कारण नाही.

आणखी एक गोष्ट बोलायला हवी, कारण ती बहुतेक आठवणींच्या भाषणांतून गळते. माझ्या लहानपणीच्या आनंदात विहीर होती, पोहणं होतं. उन्हाळ्यात रात्री धाब्यावर पाणी शिंपडून गोधड्या टाकायच्या आणि चांदण्यात पडून राहायचं, हे होतं. पण त्याच गावात असं एक टोक होतं की तिथल्या मुलांना आमच्या विहिरीत उतरता येत नव्हतं. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ सालचा. माझा जन्म त्यानंतर तीस-एक वर्षांनी. तरीही विहीर तशीच होती. १९७८ मध्ये दया पवारांचं ‘बलुतं’ आलं, १९८० मध्ये लक्ष्मण मान्यांचं ‘उपरा’. मी तेव्हा नुकती नोकरीला लागले होते. ती पुस्तकं वाचली आणि माझ्याच वयाच्या माणसांचं लहानपण माझ्या शेजारी किती वेगळं गेलं होतं हे कळलं. त्या पुस्तकांत आनंद नाही असं मात्र नाही. आहे, भरपूर आहे, माणूस लहान असताना तो कुठूनही शोधून काढतो. पण तो झगडून मिळवावा लागलेला आहे. म्हणून कुणी ‘आमच्या काळी गाव किती एक होतं’ म्हणून गहिवरतो तेव्हा मी विचारते, विहीर कुणाची होती? ज्या आनंदाच्या दारावर कुणीतरी अडवलं जात होतं, तो आनंद आठवताना ते दारही आठवलं पाहिजे.

आता माझ्याच म्हणण्याला छेद देणारी एक बाई. बहिणाबाई चौधरी.

आसोद्याला १८८० मध्ये जन्म, जळगावला सासर, ऐन तिशीत वैधव्य, लिहिणं-वाचणं ठाऊक नाही, हात सतत शेतात नाहीतर जात्यावर. आतापर्यंत मी जे सांगत आले त्या हिशेबाने ही नुसती राबणारी बाई. दुसऱ्यांसाठी आनंद करायचा आणि आपण शेवटी जेवायचं. पण ती जात्यावर बसल्या बसल्या गाणी रचत होती. जातं, नांगरणी, कापणी, मळणी, विहिरीवरची मोट, चूल, झाडावर घरटं विणणारी सुगरण, आखाजीचा झोका. म्हणजे जे तिच्या अंगावर कष्ट म्हणून येत होतं, त्याच्याकडे ती कुतूहलाने बघतही होती. तिचे चिरंजीव सोपानदेव स्वतः कवी. घरातल्या माणसांनी ती गाणी टिपून ठेवली. १९५१ च्या डिसेंबरात ती गेली. त्यानंतर सोपानदेवांनी ती गाणी आचार्य अत्र्यांना दाखवली, आणि १९५२ मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं. तिने ते पाहिलं नाही. तिला पुस्तक निघावं अशी इच्छा होती असंही कुठे दिसत नाही. गाणं रचलं, दळण संपलं, ती उठली.

बहिणाबाईंमुळे मला माझा हिशेब दुरुस्त करावा लागतो. आनंद करणारी माणसं फक्त झिजत होती असं म्हटलं तर तो त्यांचा अपमान होईल. माझी आई पोळी झुलवायची तेव्हा तिच्या हातांना आच लागायची हे खरं, आणि पोळी अखंड, एकसारखी खापरावर पडली की ती क्षणभर थांबून तिच्याकडे बघायची हेही खरं. त्या बघण्यात कसब जमल्याचं समाधान होतं. कुणी वाहवा करण्याच्या आत ते तिचं तिला मिळालेलं असायचं. तिच्यावर अन्याय होता आणि तिच्यापाशी कौशल्याचा आनंदही होता. यातलं एक सांगून दुसरं झाकणारे लोक मला दोन्ही बाजूंना भेटले आहेत.

आपल्याच जिल्ह्यातल्या धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोमऱ्यांबद्दलही दोन वाक्यं. १९०७ मध्ये जळगावच्या कविसंमेलनात त्या कोवळ्या मुलाला ‘बालकवी’ ही पदवी मिळाली, आणि १९१८ च्या मे महिन्यात भादलीला रेल्वेखाली तो गेला. वय अठ्ठावीसदेखील पूर्ण नव्हतं. शाळेत आपण त्याचा निसर्ग शिकवतो, ‘फुलराणी’ शिकवतो आणि मुलांना सांगतो की हा आनंदाचा कवी. त्याच्या कवितेतली खोल उदासी मात्र आपण मुलांपुढे क्वचितच आणतो. मी आणली. मुलांना ती समजते. त्यांच्या घरात आजारपण असतं, बाप दारू पिऊन येतो, बहिणीचं लग्न मोडतं. ज्या मुलाला उदासी म्हणजे काय ते माहीत आहे, त्याला फुलपाखरू जास्त चांगलं दिसतं असं मी पाहिलं आहे.

आता ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत त्या ग्रंथपालकाकांकडे येते. नाव न घेता बोलते, त्यांना ते आवडलं असतं. आम्ही गाव सोडून इथे आलो तेव्हा मी शाळकरी होते आणि हे वाचनालय म्हणजे दोन खोल्या होत्या. १९७१ च्या नोव्हेंबरपासून बालभारतीचा ‘किशोर’ निघू लागला होता. त्याचा अंक आला की काका तो लगेच कपाटात ठेवत नसत. टेबलावर, आम्हा मुलांच्या हाताला येईल असा, उघडा ठेवत. पहिलं कोण वाचणार यावरून भांडण होई. मग काकांनी नियम केला की ज्याचा नंबर असेल त्याने मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. त्यामुळे प्रत्येक अंक आमच्या कानांवरून कितीतरी वेळा गेला. पुढचा अंक येईपर्यंत महिना. त्या महिन्यात आम्ही गोष्टींचे शेवट बदलून एकमेकांना सांगायचो. काकांना यासाठी वेगळा पगार नव्हता. दुपारी जेवायला घरी जायची त्यांची वेळ होती, ती त्यांनी आमच्यासाठी सोडली. डबा तिथेच खायचे, आणि त्यातलं लोणचं आम्हाला द्यायचे.

मला त्यांच्यामागे साने गुरुजी दिसतात, आणि हे मी गौरवाचा शब्द म्हणून बोलत नाही, ओळख पटते म्हणून बोलते. गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. तिथल्या छात्रालयात मुलं शाळेत गेली की हा माणूस त्यांच्या खोल्या झाडायचा, अंथरुणं आवरायचा, कंदिलांच्या काचा पुसायचा. मुलांसाठी हाताने लिहून रोज ‘छात्रालय’ नावाचं दैनिक काढायचा. रोज! घरापासून लांब राहणाऱ्या मुलाला संध्याकाळी स्वच्छ काचेचा कंदील मिळणं, हा केवढा छोटा आनंद. तो कुणीतरी दुपारी एकट्याने करून ठेवलेला असायचा. पुढे १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिलं. त्या पुस्तकावर मराठी माणूस पिढ्यान्‌पिढ्या रडला. मला वाटतं, रडण्यापेक्षा त्या कंदिलांच्या काचा जास्त लक्षात ठेवायला हव्या होत्या. त्या पुसणं आपल्यापैकी कुणालाही जमण्यासारखं आहे.

मी निवृत्त झाले त्याआधीची काही वर्षं एका अशा शाळेत होते, जिथे दिवाळीनंतर पट निम्मा व्हायचा. आईबाप ऊसतोडीला जायचे. काही मुलं बरोबर जायची, काही आजीपाशी राहायची. तिथला एक मुलगा मधल्या सुट्टीत माझ्याजवळ यायचा, फोन मागायचा आणि फडात असलेल्या आईला व्हिडिओ कॉल लावायचा. कोयता बाजूला ठेवून ती पडद्यावर यायची. दोघं फारसं बोलायचे नाहीत. तो तिला आपलं ताट दाखवायचा. खिचडीत काय काय आहे ते. ती ‘खाय’ म्हणायची. मोबाईलने मुलं बिघडली असं कुणी म्हटलं की मला ते ताट आठवतं. त्या वस्तूत आनंद होता, कारण पलीकडे आई होती. ज्या घरात मुलाच्या हाती फोन देऊन मोठी माणसं दुसऱ्या खोलीत आपापल्या फोनपाशी बसतात, तिथे वस्तू तीच आणि पलीकडे कुणी नाही.

आणि ती खिचडी. शालेय पोषण आहार शिजवणारी बाई सकाळी आपलं घर आवरून यायची, मोठ्या पातेल्यात तांदूळ, डाळ शिजवायची, शेकडो ताटं वाढायची, घासायची. हातात पडायचं ते तुटपुंजं मानधन. गूळ-शेंगदाणे वाटायचे असले की ती लहान मुलांना आधी बोलवायची, कारण मोठी मुलं रेटारेटी करतात. माझ्या लहानपणी चुलीपुढे जी बसली होती तीच ही बाई आहे. आजची मुलं पन्नास वर्षांनी अशाच एखाद्या व्यासपीठावरून तिच्याबद्दल बोलतील, अशी माझी खात्री आहे. पण तोवर थांबण्याची गरज नाही. तिला पुरेसा आणि वेळेवर पैसा मिळावा ही मागणी आजच करता येते, आणि ती आपण केली पाहिजे. आठवणीत ओल्या डोळ्यांनी नमस्कार करणं पुरेसं नाही.

आजच्या मुलांना छोटे आनंद कळत नाहीत हे मी मानत नाही. कळतात. अंगणात मुंग्यांची रांग लागली तर पहिलीतलं पोर अजूनही तास विसरतं. त्यांच्यापाशी कमी आहे ती मोठ्या माणसाची रिकामी दुपार. शाळा, शिकवणी, पुन्हा शिकवणी. आणि घरातली माणसं कामावर. ज्यांच्या आईला खरोखरच सवड नाही, त्यांना मी बोल लावणार नाही. पण या सभागृहात माझ्या वयाची निम्मी माणसं आहेत. आपल्याला निवृत्तिवेतन आहे, वेळ आहे आणि लहानपणी आपल्याला कुणीतरी काहीतरी करून दिलेलं आहे.

म्हणून दोन विनंत्या करते आणि थांबते.

आखाजी जवळ आली आहे. ज्यांच्या घरी सून आहे त्यांनी या वर्षी तिला सणाच्या आधी तिच्या माहेरी पाठवावं. लेक घरी आली तर तिच्यासाठी पोळ्या घरातल्या पुरुषांनी कराव्यात. खापरावर जमणार नाहीत, तव्यावर करा. लेकीला चालतील.

दुसरी विनंती वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाला. आपलं बालविभागाचं दालन उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारी बंद असतं आणि नेमकी तेव्हाच मुलं उन्हामुळे घरात कोंडलेली असतात. बारा ते चार ते उघडं ठेवा. पंखे आहेत, पाण्याचा माठ आहे, ‘किशोर’चे जुने बांधीव अंक आहेत. त्या वेळेत बसायला पगारी माणूस नको, आम्ही निवृत्त मंडळी पाळीपाळीने बसू. दारापाशी एक वही ठेवली आहे. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यापुढे मी माझं नाव लिहिलं आहे, बाकीचे आठवडे मोकळे आहेत. घरी जाण्याआधी आपलं नाव लिहून जा.